‘लिहिलंय ते द्या, डोकं लावू नका’: एका मेसेजला वॉर्डातून उत्तर

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर गेले काही महिने एक मेसेज फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन विद्यार्थिनींकडून आला, आणि तिघींनीही खाली हसरे चेहरे टाकले होते. ‘फार्माकोलॉजीचं टेन्शन सोडा’ असं त्याचं शीर्षक. सार असं: औषध डॉक्टर लिहितो, जबाबदारी त्याची. औषध शरीरात काय करतं हे नर्सला कळून उपयोग काय? फाइव्ह राइट्स (औषध देण्याचे पाच नियम) पाठ असले की चूक होत नाही. गोळीपेक्षा इंजेक्शन भारी, आणि शिरेतून जितकं पटकन तितकं बरं. गिळता येत नसेल तर गोळी चुरून नळीतून सोडा. टेस्ट डोस दिला की रिॲक्शनची भीती नाही, आलीच तर एविल (ॲलर्जीचं औषध) आणि एफकॉर्लिन (हायड्रोकॉर्टिसोन, स्टेरॉइड) आहेच. शेवटची ओळ: ‘रट्टा मारा, पास व्हा, विसरा.’

लिहिणारा वॉर्डात वावरलेला आहे हे उघड आहे. बाहेरच्या माणसाला एफकॉर्लिन सुचत नाही. म्हणूनच हसून सोडून देता येत नाही. यातलं प्रत्येक वाक्य मी कुठल्या ना कुठल्या ड्यूटीवर, कुणा ना कुणा सीनियरच्या तोंडून ऐकलेलं आहे.

‘औषध डॉक्टर लिहितो, जबाबदारी त्याची.’ अर्धं खरं. डोस आपल्या मनाने वाढवणं-कमी करणं हे आपलं काम नाही, याबद्दल दुमत नाही. पण रस्ता बघा. रेसिडेंटने चुकीचं लिहिलं तर ते मोठ्या डॉक्टरांच्या राउंडमध्ये सापडू शकतं. मोठ्या डॉक्टरांकडून निसटलं तर औषध देताना फार्मासिस्टच्या लक्षात येऊ शकतं. त्याच्याही हातून सुटलं तर तुम्ही आहात. तुमच्यानंतर मात्र कोणी नाही, थेट पेशंटची शीर. आणि औषधाच्या शीटवर ‘दिलं’ म्हणून सही असते ती तुमची.

मेथोट्रेक्सेट घ्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदा द्यायची असते. केस पेपरवर घाईत ‘ओडी’ लिहिलं गेलं, म्हणजे रोज एक. चार-सहा दिवसांत पेशंटच्या तोंडात फोड येतात आणि रक्तातल्या पेशी घसरू लागतात. या एका घोटाळ्याने जगभर माणसं दगावली आहेत. तो अडवायला एमडी लागत नाही. ‘सर, ही गोळी रोज की आठवड्याला?’ एवढा प्रश्न लागतो. पण तो सुचायला मेथोट्रेक्सेट म्हणजे काय हे आधी डोक्यात असावं लागतं. (आणि प्रश्न असाच विचारा. ‘सर, तुमचं चुकलंय’ म्हटलं की निम्मा वेळ अहंकार समजावण्यात जातो.)

‘औषध शरीरात काय करतं हे कळून उपयोग काय?’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने लेबर रूममध्ये मॅगसल्फ (झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट) दिलेलं नसावं, किंवा दिलं असेल तर नशिबावर.

झटके आलेली गरोदर बाई, बीपी चढलेलं. मॅग्नेशियम सल्फेटची ॲम्प्युल साधारण २ मिलीची, त्यात १ ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांचं द्रावण. प्रिचर्ड पद्धतीत शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे. त्यासाठी चार ॲम्प्युल, म्हणजे ८ मिली, आणि त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर. झालं २० टक्के. तेही सावकाश, पाच मिनिटं तरी घेऊन. मग दोन्ही कुल्ल्यांत खोल स्नायूत ५-५ ग्रॅम, पातळ न करता. पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. इथवर पाठांतर पुरतं.

खरी परीक्षा त्या चार तासांनंतरच्या डोसला असते. मॅग्नेशियम मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप दाबतं, म्हणून जास्त झालं की स्नायू ढिले पडतात. आधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडायचा थांबतो, नंतर श्वास. आणि ते शरीरातून बाहेर पडतं लघवीवाटे. एवढ्या तीन गोष्टी समजल्या की पुढच्या डोसआधी काय तपासायचं हे कुणी पाठ करून घ्यावं लागत नाही: गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, लघवी तासाला निदान ३० मिलीच्या हिशेबाने होते आहे का. यातलं एक जरी नसलं तरी डोस थांबवायचा, डॉक्टरांना बोलवायचं. उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं, १० मिली, ट्रेमध्ये आधीपासून हवं. कपाटात असून चालत नाही. कपाटाची किल्ली रात्री तीन वाजता कुठे असते हे सगळ्यांना माहीत आहे.

‘लिहिलंय ते द्या’ म्हणणारी नर्स वेळ झाली म्हणून पुढचे ५ ग्रॅमही भरेल. मॅग्नेशियम समजलेली नर्स आधी गुडघ्यावर ठोकेल. ठोके मंदावणाऱ्या डिगॉक्सिनच्या गोळीआधी आपण छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजतो आणि ६० च्या खाली असले तर हात आवरतो, तेही याच न्यायाने. श्वास दाबणाऱ्या मॉर्फिनआधी श्वास मोजतो, तेही.

‘फाइव्ह राइट्स पाठ असले की चूक होत नाही.’ योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. मी स्वतः हे वर्षानुवर्षं शिकवते आहे. पण कुठे पोचायचं तेवढं हे पाच शब्द सांगतात, वाटेतले खड्डे दाखवत नाहीत. आपल्याकडचा सर्वांत खोल खड्डा इन्सुलिनचा आहे.

भारतात इन्सुलिनच्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) दोन ताकदींच्या मिळतात: मिलीला ४० युनिट आणि मिलीला १०० युनिट. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. ऑर्डर आहे २० युनिट. व्हायल १०० ची आहे, पण हाताशी लाल टोपणाची सिरिंज होती. तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरलं. त्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली, आणि अर्ध्या मिलीत या व्हायलचे ५० युनिट आहेत. पेशंट योग्य, औषध योग्य, मार्ग योग्य, वेळ योग्य, रेघसुद्धा ऑर्डरप्रमाणे. पहाटे पेशंट घामाने थबथबलेला, हाक मारली तर ओ नाही. उलटं झालं, म्हणजे ४० ची व्हायल आणि नारिंगी टोपण, तर २० च्या रेघेवर ०.२ मिली येतं, म्हणजे फक्त ८ युनिट. मग साखर उतरत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी डोस वाढवतात, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी बरोबर सिरिंज वापरतं.

माझ्या हातून हे होता होता राहिलं आहे. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं, रात्रपाळी, स्टोअरमधून नवा माल आलेला. शेजारी उभी असलेली सीनियर म्हणाली, ‘अगं, टोपणाचा रंग बघ.’ बस, तेवढंच. तिने रंग बघितला नसता तर मला कळलंही नसतं की मी चुकले. म्हणून इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, पोटॅशियम यांच्या वेळी दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासायचं असतं. ‘हो हो, बरोबर आहे’ अशी मान हलवणं म्हणजे तपासणं नव्हे.

अक्षरांचंही तसंच. ‘५.०’ मधला ठिपका पुसट झाला की ५० होतात. ‘.५’ मधला दिसलाच नाही की ५ होतात. युनिटसाठी इंग्रजी यू लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. म्हणून युनिट पूर्ण लिहा, पूर्णांकापुढे टिंब-शून्य नको, अपूर्णांकाच्या आधी शून्य हवंच.

‘गोळीपेक्षा इंजेक्शन भारी.’ हा समज पेशंटचा असतो, तो नर्सने उचलावा याचं वाईट वाटतं. मेट्रोनिडाझोल, लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड ही जंतूंविरुद्धची औषधं तोंडाने घेतली तरी जवळजवळ सगळीच्या सगळी रक्तात पोचतात. पचन नीट चालू असलेल्या, उलटी नसलेल्या पेशंटला त्यासाठी कॅन्युला (शिरेतली नळी) ठेवणं म्हणजे जंतूंना विनाकारण दार उघडून देणं. उलट सॉर्बिट्रेटची गोळी छातीत दुखताना जिभेखाली ठेवतात, कारण गिळली की आतड्यातून आधी यकृताकडे जाते आणि तिथे तिचा बराचसा भाग मोडला जातो. मार्ग निवडताना ताकद मोजत नाहीत. औषध वाटेत किती टिकतं आणि किती वेळात पोचायला हवं, हे बघतात.

‘पटकन’ या शब्दाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. झटक्यांवरचं फेनिटोइन मोठ्या माणसालाही मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देत नाहीत, हृदयाची लय बिघडते, बीपी कोसळतं. ते फक्त नॉर्मल सलाईनमध्ये चालतं, डेक्स्ट्रोजमध्ये टाकलं तर खडे धरतं. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या १ ग्रॅमला किमान एक तास, नाहीतर मान-चेहरा लालबुंद. आणि पोटॅशियम क्लोराइड: १५ टक्क्यांच्या १० मिलीच्या एका ॲम्प्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट. सिरिंजने थेट शिरेत कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून नाही. हृदय जागच्या जागी थांबतं. बाटलीत घालून, नीट हलवून, साध्या वॉर्डात तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आत. हलवायचं यासाठी की ते जड असतं, तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत सगळं एकदम जातं.

‘गोळी चुरून नळीतून सोडा.’ काही गोळ्या चालतात. पण नावापुढे एसआर, एक्सएल, सीआर, रिटार्ड असं काही असेल तर ती गोळी बारा किंवा चोवीस तासांचा साठा हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली असते. बीपीची निफेडिपिन रिटार्ड खलात कुटली की दिवसभराचा डोस अर्ध्या तासात आत, आणि बीपी पाताळात. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून वाचण्यासाठी असतं. ते फोडलंत तर औषध देऊन न दिल्यासारखं. डॉक्टरांना किंवा फार्मसीला विचारा: सिरप आहे का, विरघळणारी गोळी आहे का, दुसरं औषध चालेल का? शिवाय भुकटीने रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) तुंबली की ती काढून परत घालायचं काम कुणाचं, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असेलच.

आता शेवटचा मुद्दा, ज्याची मला सर्वांत धास्ती वाटते: ‘टेस्ट डोस दिला की भीती नाही, नाहीतर एविल-एफकॉर्लिन.’

कातडीत टोचून वीस मिनिटांनी गांधी आली नाही, म्हणजे पूर्ण डोसला काही होणार नाही असं नसतं. आपल्याकडे केस पेपरवर ‘एएसटी’ (टेस्टनंतर द्या) लिहून प्रत्येक अँटिबायोटिकचा असा थेंब टोचायची सवय आहे, पण बहुतेक औषधांसाठी त्याचा भरवसा फार कमी. खरी टेस्ट तोंडाने होते: ‘याआधी हे औषध घेतलं होतं का? घेतल्यावर काय झालं? अंगावर पित्त उठलं, धाप लागली, चक्कर आली?’ नुसतं ‘ॲलर्जी आहे का?’ विचारलं की आपली माणसं ‘नाही’ म्हणतात. ‘कुठलं इंजेक्शन सोसत नाही का?’ असं विचारा, मग आठवतं.

आणि टेस्ट निगेटिव्ह येऊनही समोरचा माणूस खोकू लागला, ओठ सुजले, नाडी बारीक झाली, तर हात आधी कुठे जायला हवा? ॲड्रेनलिनकडे. १ मिलीत १ मिलिग्रॅमच्या ॲम्प्युलमधून मोठ्या माणसाला ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. फरक नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. पेशंट आडवा, पाय वर, उठवून बसवायची घाई नाही. धाप फारच असेल तरच डोकं उंच. हेच औषध का? कारण सैल पडलेल्या रक्तवाहिन्या तेच आवळतं, श्वासनलिका तेच मोकळी करतं, आणि मिनिटांत करतं. एविल खाज आणि गांधी कमी करतं, बुडणारं बीपी उचलत नाही. हायड्रोकॉर्टिसोनला परिणाम दाखवायला तास लागतात. ही दोन्ही नंतर द्या. आधी ती दोन भरत बसलात तर पेशंटची मिनिटं त्यात गेली. शिरेतून ॲड्रेनलिन द्यायचं की नाही ते मॉनिटर लावून, सरावलेल्या डॉक्टरांनी ठरवायचं.

अशी रिॲक्शन आली की ती कळवणं हेही आपल्या हातात आहे. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचं केंद्र गाझियाबादला भारतीय फार्माकोपिया आयोगात आहे. फॉर्म डॉक्टरनेच भरावा अशी अट नाही, नर्सही भरू शकते.

मेसेज पाठवणाऱ्या तिघींपैकी एकीला मी उत्तरात एवढंच लिहिलं: ‘आज ड्यूटीवर गेलीस की वॉर्डचा फ्रिज उघड आणि इन्सुलिनच्या व्हायलवरचे आकडे वाच. मग शेजारच्या सिरिंजची टोपणं बघ.’ संध्याकाळी फोटो आला. एकाच किडनी ट्रेमध्ये दोन व्हायल ४० च्या, एक १०० ची. सिरिंज सगळ्या लाल टोपणाच्या. खाली तिचा प्रश्न, या वेळी हसरा चेहरा नव्हता: ‘मॅडम, हे कुणाला सांगू?’

‘इन्चार्ज सिस्टरना,’ मी लिहिलं. ‘आत्ता. ड्यूटीची ओव्हर द्यायच्या आधी.’