बाकडं

सप्टेंबर उजाडला की साताऱ्यात दोन गोष्टी होतात. कास पठार फुलतं आणि राजवाड्याजवळच्या हॉटेलातलं माझं बाकडं जातं. कॅलेंडरखाली, पंख्याच्या टप्प्यात, गल्ल्यावरच्या अण्णांशी न ओरडता बोलता येईल अशी ती जागा. वीस वर्षं दर रविवारी मी तिथंच बसतो. बाकड्यांना कूळकायदा असता तर एव्हाना सातबाऱ्यावर नाव लागलं असतं.

2012 साली पश्चिम घाटाबरोबर आपलं कासही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हा मीही पेढे वाटले होते. (कंदीच.) वारसा म्हटलं की मागोमाग वारस येणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

परवा आठलाच पोचलो, तर दारात एमएच बारा, एमएच चौदा, आणि पायरीवर रांग. साताऱ्यात मिसळीला रांग! पण आपली ओळख आहे, म्हणून सरळ आत घुसलो. अण्णांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "किती जण?"

वीस वर्षं हो!

शेवटी माझ्याच बाकड्यावर एका पुणेकर कुटुंबाशेजारी अर्धी मांडी टेकायला मिळाली. त्यांच्या मिसळी आल्या, पण खायच्या आधी फोटो. वरून, बाजूने, मग पाव थोडा सरकवून. तोवर फरसाण मऊ पडलं. माझा जीव तुटत होता, पण ताट दुसऱ्याचं.

"जरा सॅम्पल द्या," गृहस्थ म्हणाले. पलीकडून मुंबईकरांनी तर्री मागितली, कोपऱ्यातून कोल्हापूरकरांनी कट. नवा पोऱ्या गांगरून माझ्याकडे बघायला लागला. "अरे, सगळ्यांना रस्साच पाहिजे," मी म्हटलं. तेव्हापासून तो दर टेबलाची मागणी आधी मला सांगू लागला. माझी मिसळ मात्र कुणी विचारेना.

वहिनी मोबाईलवर फुलांची नावं वाचत होत्या. "सीतेची आसवे! किती नाजूक नाव ना?"

"ती किडे खाते," मी म्हणालो. खरंच खाते, कीटकभक्षी वनस्पती आहे. पण वेळ चुकली. त्यांची लेक ताटातल्या एकेका मोहरीकडे निरखून बघायला लागली आणि तिने पाव खाली ठेवला.

मग चूक भरून काढायला मी ठोसेघरचा धबधबा, सज्जनगड, यवतेश्वरच्या घाटात गाडी कशी चालवायची, सगळं सांगितलं. गृहस्थ खूश झाले. उठताना जवळ सरकून हळूच म्हणाले, "खरं सांगा काका, तुम्ही सातारकर मिसळ खायला कुठं जाता? हे जरा टुरिस्टी वाटतंय."

अण्णा गल्ल्यावरून बघत होते.

"घरी," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी खरंच घरी बसलो. हिने पोहे केले होते. वर थोडा रस्सा मिळेल का विचारलं, तर म्हणाली, "चहा ओतून घ्या."