फॉरमॅट मारण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत तिची बोळवण करत नाही. तुमचं म्हणणं असं: गेम अडखळणं आणि क्रॅश होणं यावरच्या लेखात मी उगाच पाल्हाळ लावलं. विंडोज फॉरमॅट करावं, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकावा, तरी भागलं नाही तर ग्राफिक्स कार्ड बदलावं, विषय संपला. शिवाय तुमच्या कार्डाचं तापमान ६५ अंशांवर जात नाही, तरीही वीसेक मिनिटांनी एफपीएस (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या) घसरतो आणि अधूनमधून पीसी थेट रिस्टार्ट होतो. म्हणजे तापमानावरचा माझा सगळा भाग फोल.

आधी तापमानाचंच बघू. ६५ हा आकडा कार्डाचा झाला. प्रोसेसरचा कुठेय? इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ अंशांवर स्वतःचा वेग आवरता घेतात. वीस मिनिटं सुरळीत आणि मग घसरण, हे लक्षण उष्णता साठत जाण्याचंही असू शकतं. कार्ड थंड आहे यात तुम्हाला दिलासा वाटतोय, पण प्रोसेसर मागे पडला की कार्डाला पुरेसं कामच मिळत नाही, आणि बसून राहिलेलं कार्ड थंडच असणार! एफपीएस पडतो त्या क्षणी कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहा. पंच्याण्णवच्या वर असेल तर कार्ड खरंच पूर्ण क्षमतेने राबतंय. साठवर आला असेल तर रिझोल्यूशन उतरवून बघा. एफपीएस तरीही जागचा हलला नाही, तर नवं कार्ड आणूनही तो हलायचा नाही. कार्डाची व्हीरॅम, म्हणजे त्याची स्वतःची मेमरी, हळूहळू भरत जाऊनही असंच होतं, तेव्हा तो आकडाही नजरेखाली ठेवा. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) एक पायरी खाली घेतलं की उलगडा होतो.

रिस्टार्ट हे वेगळं दुखणं धरून चाला. दोन्हींचं मूळ एकच निघेलही, पण तपास वेगवेगळा करायला हवा. निळी स्क्रीन न येता पीसी धाडकन बंद पडून पुन्हा सुरू होतो, तेव्हा माझा पहिला संशय पॉवर सप्लायवर आणि त्याच्या केबलींवर जातो. ८ पिनांचा एक कनेक्टर १५० वॅटसाठी असतो, मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून आणखी ७५ मिळतात. जास्त वीज खाणाऱ्या कार्डाला एकाच केबलची दोन टोकं जोडलेली असतील तर आधी दोन स्वतंत्र केबली लावा. कार्डाची मागणी क्षणभर सरासरीच्या बरीच वर उसळते, आणि कमकुवत सप्लाय नेमका तिथेच हात टेकतो.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडलात तर 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. ते वाचून लोक लगेच सप्लाय बदलतात. ती नोंद एवढंच सांगते की पीसी नीट बंद झाला नव्हता. कारण ती सांगत नाही. तिच्या आगेमागे 'व्हीया-लॉगर' (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) दिसला तर प्रोसेसर, रॅम किंवा कार्ड बसतं तो पीसीआय-ई स्लॉट यांच्याकडे वळा. 'डिस्प्ले ४१०१' असेल तर ड्रायव्हर प्रतिसाद देईना म्हणून विंडोजने तो पुन्हा उभा केला.

आणि म्हणूनच फॉरमॅटला माझा विरोध आहे. या सगळ्या नोंदी, निळी स्क्रीन येताना विंडोज जपून ठेवतं त्या मिनीडंप फायली, सगळं विंडोजबरोबर पुसलं जातं. पंचनाम्याआधीच घटनास्थळ धुऊन काढल्यासारखं आहे हे. ड्रायव्हर साफ करून नव्याने टाका हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) चालवून ते अर्ध्या तासात होतं. (नव्या ड्रायव्हरनंतर सुरुवातीला गेम अडखळला तर घाबरू नका, शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, पुन्हा तयार होत असतात.)

'शेवटी कार्डच बदलायचं' याबद्दल मात्र सावध करतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरचे गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश देऊन बंद पडत. कार्डात मेमरी शिल्लक असायची. कॉम्प्रेस केलेले शेडर उलगडताना चुकत होता तो प्रोसेसर. इंटेलने २०२४ मध्ये जादा व्होल्टेजचं कारण मान्य केलं, ऑगस्टपासून बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेली चिप मात्र त्या अपडेटने सुधारत नाही. संदेशात नाव कार्डाचं, दोष दुसऱ्याचाच. तुमचा प्रोसेसर कोणता, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

आता एक करा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून दोन-तीन दिवस खेळा. रॅमच्या डब्यावर छापलेला वेग हा बहुधा ओव्हरक्लॉकच, म्हणजे प्रमाणित वेगापेक्षा जास्त, असतो आणि प्रत्येक प्रोसेसरला तो झेपतोच असं नाही. या काळात दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. रिस्टार्ट तरीही झाला, तर त्या वेळेच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदी, प्रोसेसरचं मॉडेल आणि तापमान, सप्लाय किती वॅटचा, एवढं इथेच खाली लिहा. मी बघतो.