'अभ्यास वाढवावा' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

परवाच्या 'लिंकनची आजी' या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. खाली दोन ओळींत उत्तर द्यावं म्हणून बसले, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी ते संपेना, म्हणून वेगळं टाकते आहे. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की अब्राहम लिंकनची आई नॅन्सी हँक्स ही लुसी हँक्स नावाच्या अविवाहित मुलीच्या पोटी साधारण 1784 मध्ये व्हर्जिनियात जन्मली, आणि नॅन्सीचे वडील कोण हे आजतागायत कुणालाही ठामपणे सांगता आलेलं नाही, असं मी लिहिलं होतं. लुसीचं पुढे हेन्री स्पॅरोशी झालेलं लग्न, लिंकनचा सहकारी वकील हर्नडन याच्या आठवणी, आणि नॅन्सी लुसीचीच हे डीएनए चाचणीने 'सिद्ध झालं', हेही त्यात होतं. त्यावर तुम्ही लिहिता:

"लेख रंजक आहे, पण लुसी आणि हेन्री स्पॅरो यांच्या लग्नाचं साल चुकलं आहे. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडची रेषा सांगतो, नेमकी आई सांगत नाही. त्यामुळे 'सिद्ध झालं' हा शब्द गैर. हर्नडन चाळीसेक वर्षांनी आठवून लिहितो, त्याच्यावर किती भिस्त ठेवायची? बाकी दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईची कोर्टातली भानगड चघळण्यात लेखिकेला काय रस आहे ते कळलं नाही. अभ्यास वाढवावा."

सालाचं मान्य. मी 1790 लिहिलं होतं. 26 एप्रिल 1790 हा लग्नाच्या हमीपत्राचा दिवस, प्रत्यक्ष लग्न लागलं 3 एप्रिल 1791 ला. लेखात दुरुस्ती केली आहे आणि खाली तुमचे आभारही मानले आहेत. चूक दाखवली की मी सुधारते, अकरा वर्षं इथे लिहिते आहे, जुन्या वाचकांना विचारा.

आता 'अभ्यास वाढवावा' याबद्दल. स्वतःचं नाव द्यायचं नाही, 'एक वाचक' या बुरख्याआडून यायचं, पाच वाक्यं लिहायची आणि जाताजाता मास्तरांसारखी छडी मारून जायचं, ही मराठी आंतरजालावरची जुनी रीत आहे. माझ्या वडिलांच्या वयाचे लोक माझ्या लेखांवर मतभेद नोंदवतात, पण 'ताई, एक शंका' अशी सुरुवात करून. तुम्ही थेट गुणपत्रिकाच दिलीत. असो. पण खरं सांगायचं तर तेही मी सोडून दिलं असतं. मला जे झोंबलं ते त्याच्या आधीचं वाक्य. 'भानगड चघळण्यात'.

कोणती भानगड, ते आधी नीट पाहू. 1789 मध्ये मर्सर काउंटीच्या ग्रँड ज्युरीने लुसी हँक्सवर लग्नाविना संबंध ठेवल्याचा आरोप ठेवला. हा मर्सर आज केंटकी राज्यात आहे. तेव्हा केंटकी व्हर्जिनियाचाच भाग होतं, वेगळं राज्य व्हायला 1792 उजाडलं. नॅन्सी त्या वेळी पाचेक वर्षांची असणार. म्हणजे तो कागद नॅन्सीच्या जन्माबद्दल थेट काहीच म्हणत नाही, आणि हे मी मूळ लेखात लिहिलं आहे. तुमच्या नजरेतून सुटलं असेल, 'भानगड' शब्दावरच डोळे खिळले असतील तर.

पण त्या आरोपानंतर काही महिन्यांत आणखी एक कागद येतो, आणि माझा सगळा लेख खरं तर त्या कागदासाठी होता. हेन्री स्पॅरोला लग्नाचा परवाना काढायचा होता. तेव्हा अशा वेळी मुलीच्या बापाची संमती लागे, किंवा ती सज्ञान असल्याचा दाखला. लुसीचा बाप पुढे आला नाही. तिने स्वतःच लिहून दिलं की मी वयात आलेली आहे आणि हेन्री स्पॅरोने आज किंवा दुसऱ्या कुठल्याही दिवशी परवाना काढावा, माझी राजीखुशी आहे. खाली सही, लुसी हँक्स. 'लायसन्स' या शब्दाचं स्पेलिंग तिने कानाला ऐकू येईल तसं केलं आहे, 'एप्रिल'मध्ये एक अक्षर जास्तीचं घातलं आहे, स्वतःचं नावही आज आपण लिहितो तसं लिहिलेलं नाही. 1790 सालची सरहद्दीवरची मुलगी, कोर्टात नाव गेलेलं, पदरात मूल, आणि ती स्वतःच्या लग्नाची संमती स्वतःच देते आहे. 'आज किंवा दुसऱ्या कुठल्याही दिवशी' या शब्दांवर मी खूप वेळ थांबले होते. तुम्हाला त्यात भानगड दिसली.

हे मला का लागलं ते सांगते.

माझ्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा, चारशे पानांवरचा. त्यात माझ्या पणजोबांच्या पुढे कंसात लिहिलं आहे: 'दोन विवाह'. पहिल्या पत्नीचं नाव दिलं आहे, दुसरीच्या जागी 'नाव उपलब्ध नाही'. माझे आजोबा पहिलीच्या रेघेखाली दाखवले आहेत. घरात मात्र लहानपणापासून कुजबूज, की आजोबा दुसरीचे. आणि तिचं लग्न रीतसर लागलं होतं की नाही यावर माझ्या दोन आत्यांचं आयुष्यभर पटलं नाही. मी 1998 साली त्र्यंबकेश्वरला गेले, आमच्या तीर्थोपाध्यायांचा चोपडा पाहिला. लांबलचक पानं, शाई तपकिरी झालेली. पणजोबांची स्वतःच्या हाताची नोंद सापडली. मुलांची नावं, भावांची नावं, गाव. बायकोचं नाव एकच, आणि ते पहिलीचं. दुसरी तिथेही नाही.

ती सापडली माळ्यावर. एक तांब्याचं घंगाळ होतं, कडा चेपलेली, आई त्यात पावसाळ्यात गोवऱ्या ठेवायची. चिंचेने घासल्यावर काठाला अक्षरं वर आली, एका बाईचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि शके. माहेरून आलेलं भांडं. ते नाव आमच्या घरातल्या कुठल्याच कागदावर नव्हतं. सासरी नाव बदलायची पद्धत, त्यामुळे माहेरचं नाव फक्त भांड्यावर उरलं होतं. मी त्याचा ठसा घेतला, फोटो काढला आणि वृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीसाठी संपादन करणाऱ्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी चहा दिला, फोटो पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "ताई, कशाला जुन्या भानगडी उकरता?"

तोच शब्द. म्हणून म्हटलं, लागला.

आता तुम्ही म्हणाल याचा केंटकीशी काय संबंध. आहे. जोसेफ हँक्स, म्हणजे लुसीचा बाप, त्याचं मृत्युपत्र जानेवारी 1793 चं आहे, केंटकीतल्या नेल्सन काउंटीतलं. पाच मुलगे, प्रत्येकाला एकेक घोडा किंवा घोडी. तीन मुली, प्रत्येकीला एकेक कालवड. जनावरांची नावंसुद्धा लिहिली आहेत. नॅन्सी नावाच्या मुलीला मिळाली ती कालवड 'पायडी'. मेजर नावाचा घोडा आहे, जंटल नावाची कालवड आहे. लुसी मात्र नाही. कालवडीला नाव आहे आणि लुसीला ओळ नाही! कुलवृत्तांतातली ती रिकामी जागा पाहिलेल्या माणसाला हे मृत्युपत्र वाचताना जे कळतं ते चारशे पानं अभ्यास वाढवूनही कळेलच असं नाही.

आणि गंमत पुढे आहे. 1899 मध्ये कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी हेच मृत्युपत्र हातात घेऊन सांगितलं की बघा, नॅन्सी ही जोसेफची औरस मुलगी, पायडी मिळाली तीच लिंकनची आई, आता लुसीचं नाव काढायचं कारण नाही. देशभर लोकांनी हुश्श केलं. राष्ट्राध्यक्षाच्या आईची अब्रू एका कालवडीने राखली. पण ती नॅन्सी वेगळी. ती लुसीची धाकटी बहीण, पुढे लेवी हॉलशी लग्न केलेली, आणि लग्नाआधी तिलाही एक मुलगा झालेला, तो डेनिस हँक्स. म्हणजे जिच्या आडोशाला लिंकनची आई लपवली तिचीही कहाणी तीच! मावशी आणि भाची दोघी नॅन्सी हँक्स, एकाच टापूत राहणाऱ्या. आपल्याकडे दर पिढीला एक सखुबाई असते तसंच. याच डेनिसने लिंकन गेल्यानंतर हर्नडनला बजावून सांगितलं की नॅन्सीला हँक्स म्हणूच नका, ती स्पॅरो. कारण तिला वाढवलं थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो यांनी. एलिझाबेथ लुसीची बहीण, थॉमस हेन्रीचा भाऊ. घरच्या माणसाची साक्ष, आणि तीही झाकण्याची. यातलं काय चघळलं मी? हे सगळे लोक शंभर वर्षं जे गिळत आले ते फक्त ताटात वाढलं.

मी इंडियानात नॅन्सीच्या कबरीपाशी उभी राहिलेली आहे. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, नातू अडीच महिन्यांचा झाल्यावर जावयाने गाडीने नेलं. 5 ऑक्टोबर 1818 ला ती गेली, विषारी झाड खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन होणाऱ्या आजाराने, लिंकन तेव्हा नऊ वर्षांचा. दगड बसवला गेला 1879 मध्ये, तोवर तिथे नाव सांगणारं काही उरलं नव्हतं, त्यामुळे नेमकी जागाही अंदाजाचीच. दगडावर वय 35 कोरलं आहे. जन्म 1784 चा धरला तर हिशेब 34 चा येतो. म्हणजे दगडसुद्धा चुकतो, साहेब. मी लग्नाचं साल एका वर्षाने चुकवलं तर आभाळ कोसळत नाही.

स्वतः लिंकन 1859 मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात आईवडील दोघेही नाव नसलेल्या घराण्यांतले, दुय्यम घराण्यांतले म्हणावेत असे, एवढं म्हणतो आणि आईला एका वाक्यात आटोपतो: हँक्स नावाच्या कुळातली, मी दहाव्या वर्षात असताना गेली. बास. माझे आजोबा त्यांच्या आईबद्दल विचारलं की असंच एक वाक्य बोलायचे आणि पानाचा डबा उघडायचे.

राहिलं हर्नडनचं. तो लिंकनचा वकिलीतला भागीदार. 1850 च्या सुमारास दोघे एका घोड्याच्या बग्गीतून मेनार्ड काउंटीच्या कोर्टाकडे चालले होते, तेव्हा लिंकन आपणहून म्हणाला की माझी आई लुसी हँक्स आणि व्हर्जिनियातल्या एका चांगल्या घरच्या जमीनदाराची अनौरस मुलगी, असं हर्नडनने 1889 मध्ये छापलं. इतकी वर्षं मध्ये गेली हे मलाही वजाबाकी करून कळतं. जमीनदाराच्या गोष्टीवर माझा स्वतःचा विश्वास नाही, 'बाप मोठा माणूस होता' ही अशा प्रत्येक कहाणीची शेपटी असते. पण त्यासाठी वेगळा लेख लिहिते आहे, तेव्हा इथे नको.

डीएनएबद्दल थोडक्यात. 2015 मध्ये निकाल जाहीर झाला. नॅन्सीच्या मुलीची, सारा लिंकनची, रेषा पुढे चालली नाही, ती 1828 मध्ये बाळंतपणात गेली. आणि मायटोकॉन्ड्रियल डीएनए मुलग्यांकडून पुढे जात नाही. म्हणून लुसीच्या इतर मुलींचे वंशज आणि लुसीच्या बहिणींचे वंशज तपासले. दोन्हींकडे तोच, एक्स-वन-सी नावाचा दुर्मीळ गट निघाला. लुसी शिप्ली घराण्याची, असं जे वर्षानुवर्षं सांगत होते त्यांची वाट बंद झाली. ती जोसेफ आणि ॲन ली हँक्स यांचीच मुलगी ठरली. तुम्ही म्हणता यातून नॅन्सी लुसीची हे निघत नाही. हो, तांत्रिकदृष्ट्या काहीही म्हणता येतं. इतर कागद जोडून पाहिले की चित्र स्पष्ट आहे, आणि ज्याला पाहायचंच नाही त्याला सूक्ष्मदर्शक देऊनही उपयोग नाही. 'सिद्ध झालं' हा शब्द राहील.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे. पुढच्या वेळी नाव लिहा म्हणजे उत्तर देताना बरं पडेल.

ता. क. रात्री लेकीचा फोन आला. ती तिकडे प्रयोगशाळेत याच प्रकारचं काम करते, तिने हे उत्तर वाचलं. म्हणाली, "आई, डीएनएचं ते बरोबर सांगतायत गं. नॅन्सीची स्वतःची रेषाच नाही तर तुलना कशाशी करणार? लुसी कुणाची ते कळलं, नॅन्सी कुणाची ते कागदांवरूनच मानायचं." मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, "तू विचारलं नाहीस."

मूळ लेखात 'सिद्ध झालं' काढून 'जवळजवळ नक्की' केलं आहे. वरचा परिच्छेद तसाच ठेवते आहे, आता कोण पुन्हा टाइप करणार. 'भानगड' बद्दल मात्र एक अक्षर मागे घेत नाही.