अर्ध्या तोळ्याची मेख

ज्याचं स्वतःचं वजन ८४ किलो आहे, तो माणूस सात-आठ ग्रॅम वाचवण्यासाठी तीन रात्री जागला तर त्याला काय म्हणावं, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. माझ्यासमोर तो शब्द कोणी उच्चारत नाही, एवढंच.

झालं असं, की पुण्याच्या भाच्यानं त्याचा जुना तंबू मला देऊन टाकला. जेमतेम सव्वा किलोचा. पिशवीत कापड होतं, काठ्या होत्या, दोऱ्या होत्या. मेखा तेवढ्या नव्हत्या. "मामा, त्या तुम्ही तुमच्या पसंतीनं घ्या," असं तो फोनवर म्हणाला. मेख इथंच होती.

आमचं गाव अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली होती, आणि शाळेतले आम्ही तिघं मास्तर पाठीवर बिऱ्हाड बांधून पायी चिखलदऱ्याच्या पठारावर जाणार होतो. मुक्काम ओळखीच्या एकाच्या शेतात. जंगलात कुठंही तंबू ठोकता येत नाही. तिथं पट्टेवाले फिरतात, आणि ते जिल्हा परिषदेचे नसतात.

तर मेखा. मला वाटायचं, मेख म्हणजे मेख. लोखंडाचा तुकडा, टोक खाली, डोकं वर. पण मोबाइल उघडला आणि कळलं, की जगात मेखांवर भांडणारी माणसं आहेत. ॲल्युमिनियमची इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची, तीन पाती असलेली मेख साधारण १४ ग्रॅमची. टायटॅनियमच्या तारेची, डोक्याशी आकड्यासारखी वळवलेली मेख सहा-सात ग्रॅमची. बाजारातल्या स्वस्त तंबूंसोबत येणाऱ्या लोखंडी मेखा या दोन्हींपेक्षा जड. मजा म्हणजे टायटॅनियम काही ॲल्युमिनियमपेक्षा हलकं नाही. एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियम भरतं २.७ ग्रॅम, टायटॅनियम साडेचार, लोखंड जवळजवळ आठ. पण टायटॅनियम इतकं चिवट, की बारीक तारेवर काम भागतं. आणि ॲल्युमिनियमही आपल्या भगोण्याचं नव्हे. ७०७५ नावाची जस्त घातलेली मिश्रधातू असते. तसलीच जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धात झीरो नावाच्या लढाऊ विमानांना वापरली होती. हे मी जेवताना सांगितलं. माय म्हणाली, "इमानाले लावते ते लावते, तू भात घे."

शेवटी दोन्ही जातीच्या चार-चार मागवल्या. पण कंपनीनं छापलेल्या वजनावर विश्वास ठेवणारा तो मास्तर कसला? तालुक्याला ओळखीच्या सोनाराकडे गेलो. लग्नसराई होती, गादीवर दोन विहिणी पोत पाहत बसल्या होत्या. मी रुमालाची गाठ सोडली आणि मेखा काट्यावर ठेवल्या. काट्याच्या काचेच्या पेटीचं झाकण त्यानं सवयीनं लावलं, वारा लागू नये म्हणून. आकडे थरथरले आणि थांबले. वायची १४.२, तारेची ६.४.

"म्हणजे अर्धा तोळा अन् वर थोडी," मी हरखून म्हणालो.

सोनारानं ती तार नखानं खरवडली, दिव्याकडे धरली. "चांदी नाही हे."

"टायटॅनियम आहे."

त्यानं विहिणींकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मास्तर, काही अडचण असंल तर मोकळं सांगा. पण गहाण म्हणून हे आपल्याच्यानं ठेवून घेता येणार नाही."

घरी येऊन हिशेब मांडला. आठही मेखा वायच्या घेण्याऐवजी तारेच्या घेतल्या तर ६२ ग्रॅम वाचतात. म्हणजे एका अंड्याचं वजन. तेवढ्यात मायनं प्रवासासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा समोर ठेवला. तो काट्यावर ठेवायची हिंमत मला झाली नाही. हातानंच कळलं, दीड किलो.

आता मेख टिकते का, हे पाहायचं राहिलं होतं. आमच्या शेजारचे काका संत्र्याच्या बागेला पाणी देत होते, त्यांच्या बांधावर जाऊन ठोकाठोकी सुरू केली. काकांनी बाभळीचे खुंटे ठोकण्यात साठ वर्षं काढली आहेत. ते फावडं टेकवून उभे राहिले.

"काय करून रायला गा मास्तर?"

"मेखा तपासतो आहे, काका. कोणती पक्की ते."

"त्यात काय तपासा लागते? बकरी बांध."

मी हसलो, पण काका हसत नव्हते. बकरी आली. आधी तारेच्या मेखेला बांधली. बकरीनं एक फेरी मारली, मेखही तिच्याबरोबर जागच्या जागी फिरली. दुसऱ्या फेरीला ती भोकात खुळखुळायला लागली. तिसऱ्या फेरीला बकरी धुऱ्यावर आणि मेख तिच्यामागं ठेचकाळत. ओल्या, मऊ जमिनीत गोल तार धरून ठेवणार कशाला? मग वायची ठोकली. तिची तीन पाती मातीत तीन बाजूंनी रुतली, आणि बकरी चार हिसके देऊन थांबली. मी विजयी मुद्रेनं काकांकडे पाहिलं. तेवढ्या वेळात बकरीनं तंबूची दोरी वीतभर खाल्ली.

"मेख बरी आहे," काका म्हणाले. "पण तू उभी कावून ठोकली?"

"तुमचा खुंटा तर उभाच असतो."

"बैल चहूकडून ओढते, म्हनून खुटा उभा. तुया तंबू एकाच अंगानं ओढन ना? मंग डोकं उलट्या अंगाले झुकव." एवढं समजायला मी मोबाइलवर दोन रात्री घालवल्या होत्या, आणि तिथं त्याच्यासोबत कोनमापकाची आकृती होती.

मग काकांनी मला कोरडवाहू वावरात नेलं. तूर निघाली होती, आणि आमच्या काळ्या जमिनीनं जानेवारीतच तोंड वासलं होतं. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, चिकटून चपला ओढून घेते. सुकली की आकसते आणि तडकते, त्या भेगा कमरेइतक्याही खोल जातात. दोन भेगांमधलं ढेकूळ विटेसारखं कडक. तिथं वायची मेख दोन बोटं गेली आणि अडली. तारेची बारीक, ती जाईल म्हणून मी हातात घेतली, दगड उचलला, पहिला ठोका दिला. मेख ढेकळावरून निसटली, भेगेच्या काठावर टिंग करून उडाली आणि आत गेली.

मी पालथा पडून डोळा लावला. मोबाइलचा उजेड टाकला. खाली अंधार, एक मुंगळा, आणि खोल कुठंतरी चमकल्यासारखं काही. काकांनी तुऱ्हाटीची काडी आणून ढोसली, तेव्हा तेही चमकायचं थांबलं.

"कितीक्याले पडली होती?"

मी किंमत सांगितली. काका बराच वेळ बोलले नाहीत. "सोनं पेरलं बाप्पा तुनं," शेवटी म्हणाले.

सहल झाली. चिखलदऱ्याचं पठार सुमारे ११०० मीटर उंच. गवताखाली चार बोटं माती, तिच्याखाली मुरूम आणि काळा पत्थर. तारेच्या तीन मेखा तिथं मात्र दगडांच्या फटी शोधत बरोबर उतरल्या. एक वायची डोक्यावर दगड खाऊन वाकली. चारी कोपऱ्यांना वायच्या, ताणाच्या दोऱ्यांना तारेच्या, आणि जिथं दोन्ही हरल्या तिथं दोरीला धोंडा, अशी आमची रात्र उभी राहिली. आता कोणी विचारलं तर मी हीच मिसळ सांगतो. लाडू पहिल्याच चढावर संपले.

हरवलेल्या मेखेचं काय? टायटॅनियम गंजत नाही, ती आहे तशीच असणार. आणि काका म्हणतात, काळी जमीन पोटात काही ठेवत नाही. दरसाल गोटे वेचून बांधावर टाका, दरसाल नवे वर येतात. फुगत-आकसत ती सगळं वर ढकलते. म्हणून मेखांच्या पिशवीत मी एक जागा रिकामी ठेवली आहे. मृगाच्या आधी काका वखर घेऊन त्या वावरात उतरले, तेव्हा मी त्याच वाटेनं चाललो होतो. त्यांनी बैल थांबवले आणि धुऱ्यावरूनच हाक दिली.

"मास्तर, अजून काई उगवलं नाही गा!"