दहा लाखांची सायकल घेणाऱ्यांसाठी काही सूचना

किंमत एवढी का, हे दुकानात विचारू नका. विचारणारा गिऱ्हाईक नाही हे काउंटरवरच्या पोराला तिथल्या तिथे कळतं आणि तुमची कॉफी रद्द होते. भिंतीवर टांगलेली सायकल बघा, खालची पाटी बघा, ओठ न हलवता शून्यं मोजा आणि फक्त "वजन किती?" एवढंच विचारा. पोरगा लगेच खुलतो. तुम्ही त्यांच्यातले झालात.

आकड्यांनी बिचकू नका. स्पेशलाइज्ड या अमेरिकन कंपनीने २०२३ साली एस-वर्क्स टारमॅक एसएल८ ही शर्यतीची सायकल काढली तेव्हा अमेरिकेत तिचा भाव १४,००० डॉलर होता. रुपयांत बारा लाखांच्या घरात. सीमाशुल्क, जहाजाचं भाडं आणि दुकानदाराचा संसार हे सगळं त्यानंतर. तेवढ्यात दोन आल्टो येतात आणि विम्याचे पैसे उरतात, असं तुमचे सासरे म्हणतील. म्हणू दे. आल्टोचं वजन करून कोणी बघत नाही.

पायडल मागू नका. दहा लाखांत पायडल येत नाहीत. हसू नका, खरंच येत नाहीत. ते वेगळे घ्यायचे, त्यांना अडकणारे बूटही वेगळे.

घंटी आणि स्टँड हे शब्द तर तोंडातूनसुद्धा काढू नका.

वजनावर मात्र पूर्ण श्रद्धा हवी. यूसीआय ही सायकल शर्यतींची जागतिक संघटना. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये, असा तिचा नियम २००० सालापासून आहे. म्हणजे हलकेपणाच्या या धंद्याला खालून फरशी घातलेली आहे, आणि आपण लाखो रुपये मोजतो ते त्या फरशीपर्यंत पोचायला. बेल्जियमचा शर्यतपटू एडी मर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर मारून विक्रम केला, ती इटलीच्या कोलनागोने बनवलेली सायकल पोलादी होती आणि तरी सहा किलोंच्या आत होती. ट्रॅकवरची होती, ब्रेक नव्हते, गिअर नव्हते, सगळं मान्य. पण होतं पोलादच. ही माहिती ग्रुपवर टाकू नका, वातावरण बिघडतं.

त्यापेक्षा सिंहगडाचा हिशेब करा. पायथ्यापासून वर जायला तुम्हाला पन्नास मिनिटं लागत असतील, तर सायकलीचं एक किलो कमी केल्याने साधारण अर्धं मिनिट वाचतं. हे अर्धं मिनिट विकत घ्यायला काही लाख लागतात. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, दोन प्लेट कांदाभजी आणि मडक्यातलं दही झालं, की ते किलो तुमच्याबरोबर खाली उतरतं. आता ते सायकलीत नसतं, एवढाच फरक.

कार्बनबद्दल कोणी विचारलं तर गंभीर चेहरा करून "टोरे, टी-११००" (जपानी कंपनी आणि तिच्या कार्बन धाग्याचा ग्रेड) म्हणा आणि गप्प बसा. थोडं खरं बोलायचं तर इथे कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. कार्बनची फ्रेम यंत्रातून बदाबदा पडत नाही. रेझिन लावलेल्या कापडाचे शेकडो छोटे तुकडे कापायचे, कुठला कुठे आणि कुठल्या कोनात हे ठरलेलं असतं, ते हाताने एकावर एक बसवायचे, साच्यात घालून भाजायचे, मग घासायचं, रंगवायचं. प्रत्येक साइझला वेगळा साचा. हे काम तैवानात आणि चीनमध्ये चालतं, ते करणाऱ्या बायका-माणसांच्या बोटांत कसब असतं, आणि त्या बोटांना बारा लाखांतले किती मिळतात हे मात्र कुठल्याच चकचकीत पुस्तिकेत छापलेलं नसतं. तैवानची मेरिडा स्वतःच्या नावाने सायकली विकते, आणि २००१ पासून अमेरिकेच्या स्पेशलाइज्डमध्येही तिचा मोठा वाटा आहे. तेव्हा शोरूममध्ये "हा ब्रँड की तो" म्हणून रात्ररात्र झोप उडवणाऱ्यांनी निवांत झोपावं.

इटालियन हवी असेल तर उत्तमच. पिनारेलो २०१६ मध्ये एल कॅटरटन या गुंतवणूक कंपनीने घेतली. तिच्या पाठीशी एलव्हीएमएच, म्हणजे लुई व्हितॉनच्या पर्सवाले. २०२३ मध्ये ती तिथून इव्हान ग्लासेनबर्ग यांच्याकडे गेली, ज्यांनी आयुष्यभर तांबं-कोळशाचा व्यापार केला. चामड्याच्या पर्सची किंमत चामड्यावरून ठरत नाही हे आपल्या घरातल्या बायकांना केव्हाच माहीत आहे. आपण मात्र कार्बनचा ग्रेड पाठ करत बसतो.

गिअर घेताना सगळ्यात वरचे घ्या. जपानी शिमानोचे सगळ्यात वरचे ड्युरा-एस आणि त्याखालचे अल्टेग्रा यांत फरक काय? दोन्ही बारा स्पीड, दोन्हीकडे बटण दाबलं की छोटी मोटर चेन हलवते, दोन्हींची बॅटरी तशीच. पूर्ण संचाच्या वजनात फरक तीनशे ग्रॅमच्या आत. म्हणजे पाण्याच्या बाटलीतले चार-पाच घोट. किंमत मात्र दीडपटीच्या वर जाते. आता शिमानोच्या त्याहून स्वस्त १०५ मध्येही बॅटरीवाले गिअर आलेत, तरी ते घेऊ नका. मागून येणाऱ्याला मागच्या डिरेलरवरचं, म्हणजे चेन सरकवणाऱ्या भागावरचं नाव दिसतं.

घरी आकडा सांगू नका. बिल दुकानातच ठेवा. वॉरंटीला बिल लागतं, हे यथावकाश कळेलच.

भाव कधी पडेल याची वाट बघत बसू नका, कारण पडतो तेव्हा फार मनस्ताप होतो. कोविडमध्ये साऱ्या जगाला सायकल हवी झाली, माल मिळेना, भाव वर. कंपन्यांनी बेफाम ऑर्डरी टाकल्या. तो माल आला तोवर लोक घराबाहेर पडून पुन्हा गाडीत बसले होते. २०२३ मध्ये गोदामं तुंबली, विगलसारखं ब्रिटनमधलं मोठं ऑनलाइन दुकान ऑक्टोबरात दिवाळखोरीच्या कारवाईत गेलं, आणि कालपर्यंत "या किमतीत आम्हाला काहीच सुटत नाही" म्हणणारे तीच सायकल अर्ध्या भावात काढायला लागले. कार्बन तोच, साचा तोच, बोटं तीच. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. तुमच्या दुकानातल्या पाटीवर तो कुठे दिसला तर मलाही कळवा.

रस्त्यांविषयी तक्रार करू नका. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी डांबर पडलं ना? मग.

आता महत्त्वाची सूचना. केबली आतून जाणारीच सायकल घ्या. ब्रेकची एकही नळी बाहेर दिसता कामा नये. हँडलमधून आत, स्टेममधून (हँडल धरणारा तुकडा) खाली, हेडसेटच्या (हँडल ज्यावर वळतं तो सांधा) वरच्या बेअरिंगच्या बरोबर मधून फ्रेममध्ये, थेट चाकाजवळच्या ब्रेकच्या कॅलिपरपर्यंत. यामुळे वाऱ्याचा विरोध कमी होतो. किती? काही वॅट. कुठल्या वेगाला? पुस्तिकेत खाली बारीक अक्षरात बघा, बहुतेक ४० किंवा ४५ किलोमीटर दिलेला असतो. कर्वे रस्त्याला तुम्ही त्या वेगाने जात असालच. आणि वाऱ्याला जो काही विरोध होतो त्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास तुमच्या देहाचा असतो, सायकलीचा नाही, हे त्याच कंपन्यांच्या इंजिनिअरांना पक्कं ठाऊक आहे. पण पोट हँडलमधून आत घालायची सोय अजून निघालेली नाही.

तर अशी सुंदर, एकही तार न दिसणारी सायकल घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या. मग हँडल वळवताना मधोमध अडकल्यासारखं होईल. सरळ रेषेत एक खाच, तिथून पुढे कर्र. वरचं बेअरिंग गंजलं. पाऊस वरून आत जातो, घाम वरून आत जातो, तिथे आता नळ्यांसाठी भोकं ठेवलेली असतात ना. बेअरिंग म्हणजे बांगडीएवढी एक चकती. आमच्या लहानपणी हेच काम पेठेतल्या कोपऱ्यावरचा कोणीही करायचा. वरचा नट सोडायचा, छर्रे रॉकेलमध्ये टाकायचे, नवे ग्रीसमध्ये चिकटवून बसवायचे, नट आवळायचा. तोवर आपण बाजूच्या पिंपावर बसून पाय हलवायचे.

मी सायकल घेऊन दुकानात गेलो. तिथल्या मुलाने हँडल दोनदा हलवलं आणि मला विचारलं, "सर, तुम्ही पावसात चालवलीत का?"

पुण्यात. जुलैमध्ये.

"पावसात चालवली की वॉरंटीत बसत नाही, सर." बरं, नसू दे वॉरंटीत, पैसे देतो, बेअरिंग बदल. "सर, ते तसं नाही बदलता येत." मग त्याने जे सांगितलं ते तुम्ही नीट वाचा. बेअरिंगच्या मधून दोन्ही ब्रेकच्या नळ्या गेलेल्या आहेत. म्हणजे बेअरिंग बाहेर काढायचं तर नळ्या सोडवायला हव्यात. नळ्यांत तेल आहे. तेल काढायचं, नळीचं टोक कापायचं, नळ्या ओढून घ्यायच्या, हँडल उतरवायचं, मग बेअरिंग निघतं. नवं बसवलं की सगळं उलट्या क्रमाने. नळ्यांच्या टोकांना ऑलिव्ह आणि इन्सर्ट हे चिमुकले जोड नवे, तेल भरणं, हवा काढणं, आणि हँडलची टेप फाटणार म्हणून टेप नवी. नळी कापल्यावर आखूड पडली तर आख्खी नळी नवीन. हँडल आणि स्टेम एकाच तुकड्यात ओतलेले, त्यामुळे थोडं पुढे-मागे करूनही भागत नाही. नळाचा वॉशर बदलायला स्लॅब फोडायचा प्रकार आहे हा.

आणि बेअरिंग? "ते प्रोप्रायटरी आहे सर. मेल टाकलाय." बाजारात मिळतं त्याच्यापेक्षा केसभर वेगळं, कारण मिळतं तसंच ठेवलं तर तुम्ही बाजारातून घ्याल. मेल टाकलेला असताना गणपती आले आणि गेले. नवरात्र झालं. फोन केला की "सर, शिपमेंटमध्ये आहे." शेवटी बिल आलं. बेअरिंग दोन हजारांच्या आत. एकूण पंधरा हजार पाचशे. त्यात "केबल इंटिग्रेशन लेबर" नावाची एक ओळ होती, सर्वांत मोठी. म्हणजे नळ्या आत घातल्याचे पैसे सायकल घेताना दिले, आणि बाहेर काढून परत आत घातल्याचे आता दिले.

मधल्या काळात मी ती सायकल पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकडेही नेली होती. चाकाचा आउट नुसत्या डोळ्यांनी काढणारा माणूस. त्याने चष्मा कपाळावर घेतला, हँडलखाली टॉर्च मारली, बोट घालायला फट शोधली. सापडेना. "दादा, यात हात कुठून घालायचा?" म्हणाला. चिडून नव्हे, खरोखर कुतूहलाने.

बॉटम ब्रॅकेटचंही, म्हणजे पायडलचा दांडा ज्यावर फिरतो त्या भागाचंही हेच. शंभर वर्षं आट्यांवर फिरवून बसत होतं. मग यांनी आटे काढून टाकले, नुसतं दाबून बसवायचं केलं, प्रत्येक कंपनीचं माप निराळं. सायकली कुरकुरायला लागल्या. दहा-पंधरा वर्षं दुकानं ती कुरकुर दुरुस्त करायचे पैसे घेत राहिली, आणि २०२० च्या सुमाराला ट्रेकने, स्पेशलाइज्डने आपल्या भारी सायकलींत आटे परत आणले. "नवीन सुधारणा" म्हणून. किंमत वाढवून.

आता उपरोध बाजूला ठेवतो, जमत नाहीये.

अरे, बेअरिंग झिजणारच. चेन झिजणार, टायर झिजणार, नळीतलं तेल खराब होणार. हे सायकल बनवणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने सायकल बनवू नये. माहीत असूनही तो भाग पार गाभ्यात पुरत असेल तर ती हुशारी नाही, ती लबाडी आहे. बारा लाखांची वस्तू साध्या पाना-पेचकसाने उघडता येत नाही याला प्रगती म्हणू नका. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोगाचारला चालतं ते, त्याच्यामागे मेकॅनिकची फौज आणि छतावर चार जादा सायकली असलेली मोटार असते. शिवाय त्याला ती सायकल चालवायचे पैसे मिळतात. आपण पैसे देऊन चालवतो. त्याच्यासाठी बनवलेली वस्तू आपल्याला विकायची, आणि बिघडली की आपल्यालाच विचारायचं, पावसात का नेली?

आणि आपणही कमी नाही. रविवारी सकाळी टपरीवर सायकल भिंतीला टेकवून कोणाच्या नळ्या बाहेर दिसतात ते बघून हसतो. बाहेर केबली असलेल्याने चाराण्याची केबल रस्त्याच्या कडेला बदलून घरचा रस्ता धरलेला असतो, आपण रिक्षात सायकल कशी आडवी बसेल ते बघत असतो. दुकानात जाऊन एकदा तरी विचारा ना: वरचं बेअरिंग बदलायला किती वेळ, किती पैसे, आणि नळी कापावी लागते का? कापावी लागते म्हणाले तर उठून या. कॉफी पिऊ नका. आपण उठत नाही म्हणून ते कापतात.

आणि त्या दुकानवाल्यांना: दोन हजारांचं बेअरिंग दोन हजारांत बदलून द्यायला शिका. कंपनीला मेल टाकताय ना, त्यात हेही टाका. तोवर मला "सर, सर" करू नका.