नमुना

रविवारी सकाळी भियाने पोह्यांकडे पाठ फिरवली आणि आमच्या घरात आणीबाणी लागली.

भिया हा आमचा कुत्रा. इंदूर न पाहिलेल्यांसाठी सांगतो, इंदुरात ‘भिया’ म्हणजे भाऊ, दादा, साहेब, रिक्षावाला, गिऱ्हाईक, अनोळखी इसम, सगळं काही. हे नाव लेकीने ठेवलं आणि ती शिकायला पुण्याला निघून गेली. भोगतोय मी. लोकमान्य नगरच्या बागेत ‘भियाऽ, खाली बस!’ असं ओरडलो की चार सज्जन दचकून माझ्याकडे बघतात. कुत्रा तेवढा बघत नाही.

‘‘पोहे सोडलेत म्हणजे प्रकरण साधं नाही,’’ आई म्हणाली. भियाचे पोहे ती वेगळे काढते. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे डॉक्टरांनी बजावल्यापासून. इंदुरी पोह्यात हे फार अवघडही नाही. पोहे वाफेवरचे, आणि कांदा, शेव, जिरावन नावाचा मसाला, सगळं वरून. वरचं घालायच्या आधी एक मूठ बाजूला काढायची की झालं. जिलबी मात्र त्याच्यापर्यंत कशी पोचते, हे या घरात कोणालाच ठाऊक नाही.

आदल्या रात्री मी त्याच्या कानाला हात लावून ‘ताप आहे’ असं निदान करून टाकलं होतं. औषधांच्या डब्यातून पॅरासिटामॉल काढून अर्धी मोडलीही होती. बायकोने हात धरला. ‘‘अहो, स्वतःच्या गुडघ्याचं निदान दोन वर्षं जमलं नाही तुम्हाला.’’ दुसऱ्या दिवशी कळलं की तिने हात धरला तेच बरं केलं. माणसांची तापाची गोळी कुत्र्याला परस्पर द्यायची नसते, आणि मांजराच्या तर ती जिवावरच बेतते.

आमचे डॉक्टर महूचे. म्हणजे राहतात इंदुरात, पण शिकले इंदूरजवळच्या महू गावच्या पशुवैद्यक महाविद्यालयात. कॉलेज १९५५ सालचं, हे सांगितल्याशिवाय ते इंजेक्शनला हात घालत नाहीत. त्यांनी भियाला वजनकाट्यावर उभं केलं. मागच्या वेळेपेक्षा सव्वा किलो कमी. मग थर्मामीटर. तो कुठे लावतात ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. त्या क्षणी भियाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी एकदाच पाहिली होती, लेकीला पहिल्या दिवशी बालवाडीत सोडून परत फिरताना.

‘‘एक सौ एक पॉइंट आठ,’’ डॉक्टर म्हणाले.

मी मटकन खाली बसलो. मला शंभर झाला तरी मी बँकेची पासबुकं कुठे आहेत ते सांगायला लागतो.

‘‘नॉर्मल है,’’ ते म्हणाले. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम. एकशे एक ते साडेएकशे दोन हा त्याचा रोजचा पारा. मग त्यांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, जरा फिकट. आणि कार्ड मागितलं. कार्डावर रेबीजची लस वेळच्या वेळी, बाकीच्या लसीही. जंताच्या औषधाची तारीखसुद्धा होती, माझ्याच अक्षरात, बरोबरची खूण करून.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. ती गोळी मी पेढ्यात घालून दिली होती. भियाने पेढा खाल्ला, शेपटी हलवली आणि फार सभ्यपणे दिवाणाखाली निघून गेला. दिवाळीच्या साफसफाईत दिवाण सरकवला तेव्हा तिथे एक नाही, तीन गोळ्या सापडल्या. एकीवर पेढ्याचा कणही नव्हता. चाटून चाटून लख्ख केलेली. तेव्हा मी त्या गुपचूप केरात टाकल्या आणि खूण तशीच राहू दिली. आता डॉक्टरांसमोर ती खूण माझ्याकडे बघत होती.

‘‘कल सुबह का सैंपल ले आइए,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘ताज़ा. सुपारी जितना बहुत है.’’ माती, गवत लागलेलं नको. डबी कोरडी, स्वच्छ. दोन-चार तासांत आणायचं, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचं. फ्रीजरमध्ये नाही, खाली.

‘‘खाली म्हणजे श्रीखंडाशेजारी?’’ घरी बायकोने विचारलं. ‘‘ते माझ्या फ्रिजमध्ये आलं तर मी ग्वाल्हेरला निघाले.’’ ग्वाल्हेर तिचं माहेर. गेली सत्तावीस वर्षं ती निघतेच आहे, पण या वेळी आवाज वेगळा होता. शेवटी तह झाला. लेकीची शाळेतली थर्मासची वॉटरबॅग, तिच्यात बर्फ, बर्फावर डबी. डबीही मोठ्या मुश्किलीने मिळाली. जिरावनची होती. तीनदा धुतली तरी वास जाईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात आइस्क्रीमचा लाकडी चमचा, खिशात डबी. एरवी भिया कोपऱ्यावरच्या खांबापाशी दोन मिनिटांत मोकळा होतो. त्या दिवशी त्याला काहीतरी संशय आला. तो तीनदा गोल फिरायचा, पाठीची कमान करायचा, मी चमचा सरसावून पुढे झालो की सरळ होऊन चालू लागायचा. मलाही त्याचं म्हणणं पटत होतं. आपण बसलोय आणि मागे कोणी चमचा घेऊन उभं आहे, अशात कोणाला होईल?

झाडूवाल्या मावशींनी दोनदा विचारलं, ‘‘बाबूजी, कुछ गिर गया क्या?’’ मी म्हणालो, अजून नाही.

सात वाजून वीस मिनिटांनी भियाने निर्णय घेतला. वकीलसाहेबांच्या फाटकासमोर. वकीलसाहेब वर गॅलरीत चहा घेत होते. इंदूर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढेही वर्षानुवर्षं येत राहिलं, तेव्हापासून आमच्या गल्लीत प्रत्येक गॅलरीत एक निरीक्षक बसलेला असतो. वकीलसाहेब त्यांतले सर्वांत ज्येष्ठ. मी गुडघे टेकले, चमच्याने सुपारीएवढा, वरचा, गवत न लागलेला भाग अलगद उचलला, डबीत घातला, झाकण लावलं.

‘‘वाह!’’ वरून आवाज आला. ‘‘इसको कहते हैं असली इंदौरी!’’

मी नम्रपणे हात जोडले, डबी खिशात टाकली आणि निघालो.

‘‘और बाकी?’’

बाकीची पिशवी मी घरीच विसरलो होतो. वकीलसाहेबांनी वरून वर्तमानपत्र टाकलं. त्यात सगळं गोळा करेपर्यंत गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आलीच. इंदूरच्या गाडीला सहा कप्पे: ओला, सुका, प्लास्टिक वगैरे वेगवेगळे. आता हे कशात? सुका म्हणावा तर अजून वाळला नव्हता. ओला म्हणावा तर बायका तिथे भाजीची देठं टाकत होत्या आणि माझ्या पुडक्याकडे बघत होत्या. वकीलसाहेब म्हणाले, घातक कचऱ्यात. कोणी म्हणालं, डायपरवाल्या कप्प्यात. मदतनीस पोरगा कंटाळला आणि ‘‘लाओ भिया’’ म्हणून त्याने हात पुढे केला. त्यावर खरा भिया पुढे झाला आणि त्याने पोराच्या हातात पंजा दिला. त्या गडबडीत पुडकं कोणत्या कप्प्यात गेलं ते मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतंच.

दहाला दवाखाना उघडला. बाकावर माझ्यासारखे आणखी दोघे होते. एकाच्या हातात होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली, दुसऱ्याकडे चक्क दागिन्यांची मखमली डबी. कोणी कोणाला काही विचारलं नाही. आमच्यात एक अबोल बंधुभाव होता.

डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि थबकले. ‘‘जीरावन?’’ मी मान खाली घातली.

तपासणी मात्र बघण्यासारखी असते. दाट मिठाच्या पाण्यात नमुना कालवायचा, गाळायचा, नळीत काठोकाठ भरून वर काचेचा इवला चौकोन ठेवायचा आणि थांबायचं. घाण जड, ती खाली बसते; जंतांची अंडी हलकी, ती तरंगत वर येऊन काचेला चिकटतात. पंधरा मिनिटांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली. डॉक्टर म्हणाले, बघा. मी एक डोळा मिटला. आत लंबगोल, पातळ कवचाचे, काचेसारखे दाणे, आणि प्रत्येकाच्या पोटात द्राक्षाच्या घडासारखा पुंजका. दिसायला इतके सुरेख की क्षणभर मी विसरलो हे कुठून आलंय.

‘‘हुकवर्म,’’ डॉक्टर म्हणाले. आतड्याला आकड्यासारखा चिकटून रक्त पितो. म्हणून वजन कमी, म्हणून हिरड्या फिकट. याची पिल्लं ओल्या मातीत वाढतात आणि माणसाच्या कातडीतूनही आत शिरू शकतात. ‘‘आप लोग बगीचे में नंगे पैर तो नहीं घूमते?’’

मी गप्प. दवातून अनवाणी चाललं की चष्म्याचा नंबर उतरतो असं आईने सांगितल्यावरून गेले चार महिने मी रोज बागेतल्या हिरवळीवर वीस फेऱ्या मारत होतो. त्याच हिरवळीवर, जिथे भिया आणि त्याचे मित्र सकाळचे कार्यक्रम उरकतात. नंबर उतरला नव्हता.

पुढचं काम कंपाउंडरने केलं. वजनाप्रमाणे गोळी काढली, भियाचा जबडा उघडला, जिभेच्या अगदी मागे ठेवली, तोंड मिटलं, गळ्यावरून दोनदा हात फिरवला. भियाने नाकावर जीभ फिरवली. म्हणजे गिळली. चार सेकंद. आणि मी आठ महिन्यांत अर्धा किलो पेढे घातले होते.

घरी आल्यावर मी पायांवर गरम पाणी ओतून घेतलं, आईने बागेसाठी मला कॅनव्हासचे बूट काढून दिले, आणि बायकोने वॉटरबॅग लेकीच्या कपाटातून कायमची बाद केली. तिसऱ्या दिवशी भियाने पोहे खाल्ले. शेवही मागितली.

पंधरा दिवसांनी दुसरी गोळी, आणि तिच्यानंतर पुन्हा नमुना, असं डॉक्टरांनी कार्डावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. खूण करायची जागा माझ्याकडे ठेवली नाही.

त्याप्रमाणे काल पहाटे पुन्हा निघालो. या वेळी पिशवी होती, नवी डबी होती, पायात बूट होते. भिया खुशीत होता. थेट वकीलसाहेबांच्या फाटकासमोर गेला, तीनदा गोल फिरला, पाठीची कमान केली. मी चमचा काढला. तेवढ्यात वरून ‘‘एक मिनट, एक मिनट!’’ असा आवाज आला. वकीलसाहेब मोबाइल आडवा धरून उभे होते. वॉर्डाच्या ग्रुपवर टाकायला त्यांना जागरूक नागरिकाचा व्हिडिओ हवा होता.

भियाने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ होऊन चालू लागला.