पाठपुराव्याला यश

निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षकाकडे लोक लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक आणि पतसंस्थेचे वार्षिक अहवाल तपासायला आणून देतात, हे मी निवृत्तीपूर्वीच गृहीत धरले होते. आमदारांचे मासिक कार्यवृत्त मात्र माझ्या हिशेबात नव्हते. आमच्या आमदारांचा स्वीय सहायक हा माझा जुना विद्यार्थी आहे. शाळेत असताना त्याने एकही निबंध वेळेवर दिला नाही, आता तो दर महिन्याला ‘भाऊंचा मतदारसंघाशी संवाद’ या मथळ्याचा सोळा पानी मजकूर घेऊन माझ्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, “सर, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. बाकी मजकुराला हात लावू नका, तो भाऊंनी फायनल केलाय.” ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे म्हटले तरी मजकूर वाचावा लागतो, आणि माझ्या हालअपेष्टांना तिथून सुरुवात होते. संवादाची सोळा पाने, आणि त्यांत दुसऱ्या बाजूचे एकही वाक्य नाही.

पहिले पान जवळजवळ पूर्ण छायाचित्रांचे असते. वरच्या पट्टीत दिल्लीचे नेते, त्यांच्या खाली मुंबईचे, त्यांच्या खाली जिल्ह्याचे, आणि सर्वांत खाली, परंतु आकाराने सर्वांत मोठे, हात जोडलेले भाऊ. या पट्टीत कोणी कोणाच्या डावीकडे बसायचे यावर संपर्क कार्यालयात जेवढा खल होतो, तेवढा अर्थसंकल्पावर सभागृहात होत असेल असे मला वाटत नाही. माझ्याकडे येते ते उपाध्यांचे शुद्धलेखन. मंत्र्याला ‘मा. ना.’, खासदाराला ‘मा. खा.’ आणि आमदाराला ‘मा. आ.’ लावायचे, हा नियम मी पाठ केला आहे. भाऊंच्या नावामागे अजून ‘आ.’च आहे, तरीही तिथे एक अक्षर ऐन वेळी बदलता यावे, अशी सोय ठेवण्याची ताकीद मुद्रकाला दर अंकाच्या वेळी दिलेली असते. संविधानाच्या २००३ सालच्या ९१व्या दुरुस्तीनुसार मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांहून मोठे करता येत नाही, त्यामुळे २८८ सदस्यांच्या विधानसभेमागे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३ मंत्री होतात, हे गणित मी एकदा विद्यार्थ्याला कागदावर मांडून दाखवले. तो कागदाकडे पाहत शांतपणे म्हणाला, “सर, चव्वेचाळिसावे भाऊच आहेत.”

आतल्या पानांवर सरकारचे निर्णय असतात. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने एसटीच्या प्रवासात महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत दिली आणि ती गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सर्व महिलांना एकाच वेळी मिळाली. आमच्या कार्यवृत्तातील मथळा मात्र असा होता: ‘भाऊंच्या पाठपुराव्याला यश, मतदारसंघातील माता-भगिनींना एसटीत निम्मे तिकीट’. शेजारच्या तालुक्यात दिलेली माझी धाकटी बहीण, अर्थातच निम्म्या तिकिटात, राहायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत डाळिंबे गुंडाळलेला कागद तिथल्या आमदारांच्या कार्यवृत्ताचा निघाला, आणि त्यात तेच यश तिथल्या साहेबांच्या पाठपुराव्याला आलेले होते. त्याहीपलीकडच्या मतदारसंघात विरोधी पक्षाचे आमदार आहेत. त्यांच्या पत्रकात ‘अखेर सरकार झुकले’ असे छापले होते, असे बहिणीने सांगितले. सगळ्याच आमदारांनी एकाच निर्णयाचा एकाच वेळी पाठपुरावा केला असेल, तर मंत्रालयाच्या जिन्यात चेंगराचेंगरी कशी झाली नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. याच्या उलटही घडते. आमच्या स्थानकातून सकाळी सुटणारी एसटी बंद झाली, तेव्हा ते मात्र महामंडळाचे राज्यव्यापी धोरण ठरले आणि त्यात एकटा आमदार काय करणार, असा प्रश्न कार्यवृत्तानेच वाचकांना विचारला. श्रेय तालुक्याच्या हद्दीत मावते आणि दोष मात्र थेट मुंबईला जातो, क्वचित दिल्लीपर्यंतही पोहोचतो.

खरे कौशल्य पाहायचे असेल तर रस्त्यांचे पान वाचावे. बाजारपेठेपासून स्मशानभूमीकडे जाणारा आमच्याकडील रस्ता गेली काही वर्षे कार्यवृत्तातून चालला आहे. पायी चालण्यायोग्य तो अजून व्हायचा आहे. प्रथम भाऊंनी त्याचे निवेदन दिले, ती एक बातमी झाली. मग मंत्रिमहोदयांनी निवेदनावर शेरा मारला, त्या शेऱ्याचे छायाचित्र आले. मग अर्थसंकल्पात काम समाविष्ट झाले, त्यानंतर प्रशासकीय मान्यता मिळाली, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा निघाली, मग कार्यारंभ आदेश झाला, आणि या प्रत्येक पायरीवर कोट्यवधींचा तोच निधी भाऊंनी पुन्हा एकदा ‘खेचून आणला’. मजकूर दर वेळी नवा असतो, रक्कम तीच असते. वर्षभरातल्या सगळ्या रकमांची बेरीज मांडणाऱ्या एखाद्या सरळमार्गी वाचकाला आमचा तालुका सिंगापूरच्या पुढे गेल्याचा भास होईल. पुढे भूमिपूजन झाले. भूमिपूजनाच्या छायाचित्रात कुदळीच्या दांड्याला इतके हात लागलेले आहेत की जमिनीला टेकलेली कुदळ कोणती आणि तिच्यावर रेललेले पदाधिकारी कोणते, हे भिंगातूनही कळत नाही. कुदळीला गुलाबी फीत बांधलेली आहे, नारळ फुटलेला आहे, आणि मागे ठेकेदार एकटाच हसतो आहे. खडी पडली, तेव्हा पाणीपुरवठ्याच्या जलवाहिनीसाठी तोच रस्ता खणण्याला मंजुरी मिळाली आणि पुढील अंकात त्याचीही शुभवार्ता आली.

लाभार्थ्यांच्या पानावर मी प्रत्यक्ष हजर होतो, कारण तो कार्यक्रम आमच्याच शाळेच्या पटांगणात झाला. योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात परस्पर जमा होतात आणि त्या दिवशी ते जमा झालेलेही होते. तरीही मंचावर दारापेक्षा रुंद असा प्रातिनिधिक धनादेश फ्लेक्सवर छापून आणला होता. एका म्हाताऱ्या बाईंना तो धरायला लावले. धनादेशाआड त्या पूर्ण झाकल्या गेल्या, म्हणून छायाचित्रकाराने तो खाली घ्यायला सांगितले; खाली घेतला तर भाऊंचे नाव दिसेना, म्हणून पुन्हा वर घेतला. अखेर वरच्या कडेवर त्यांचे कपाळ आणि डोळे तेवढे राहिले. छायाचित्र झाल्यावर दोन कार्यकर्ते धनादेश परत घेऊ लागले, तेव्हा बाई तो सोडेनात. “बँकेत दाखवून आणून देते,” असे त्या म्हणत होत्या. कार्यवृत्तात या प्रसंगाखाली ‘भावूक क्षण’ असे छापले आहे.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडक्या बहिणीच्या योजनेच्या वेळी माझी खरी कसोटी लागली. त्या अंकात ‘दरमहा १,५०० रुपये’ एवढे शब्द अर्ध्या पानावर होते. वय २१ ते ६५ वर्षे असावे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, घरात ट्रॅक्टर वगळता चारचाकी नसावी, या अटी उरलेल्या अर्ध्या पानावर छापा, असे मी सुचवले. परंतु तिथे कोपरापर्यंत राख्या बांधलेला भाऊंचा हात होता. परिणामी अटींची चौकशी करायला लोक माझ्याकडे येऊ लागले, कारण विद्यार्थ्याने गुरुभक्तीपोटी शेवटच्या पानावर ‘शब्दसंस्कार’ या शीर्षकाखाली माझे नाव आणि घराची खूण छापून टाकली होती. जावयाची जीप सासऱ्याच्या दारात उभी असते, ती धरायची का? ट्रॅक्टर चालतो, मग ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली असेल तर? आयुष्यभर संधी आणि समास शिकवलेल्या माणसाने अंगणात बसून शासन निर्णयातील कलमे उलगडून सांगावीत आणि शेवटी “मग सर, पैसे कधी टाकताय?” हे ऐकून घ्यावे, याला मी निवृत्तीनंतरची समाजसेवा म्हणायला तयार नाही.

या त्रासातून सुटण्यासाठी मी विद्यार्थ्याला एक उपाय सुचवून पाहिला. महाराष्ट्रात २०१५ सालापासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे; कोणता दाखला किती दिवसांत मिळालाच पाहिजे आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे करायचे, हे त्यानुसार ठरलेले असते. तेवढी यादी एका पानावर छापली तर माझेही अंगण मोकळे होईल, असे मी म्हणालो. तो बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, “सर, हे सगळं लोकांना आधीच कळलं, तर ते आपल्या कार्यालयात कशाला येतील?” शालेय जीवनात त्याने इतके नेमके उत्तर मला कधीही दिले नव्हते.

‘सभागृहात गाजले भाऊ’ या पानावर फारसे थांबण्याचे कारण नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा यांची नोंद असते, भाऊंनी उठवलेल्या आवाजाचे वर्णन असते आणि मंत्र्यांच्या उत्तराच्या जागी ‘सकारात्मक’ हा शब्द असतो. हिवाळी अधिवेशनानंतरच्या अंकात एवढाच फरक पडतो की विधानभवनाच्या पायऱ्या नागपूरच्या असतात.

पक्षवार्तेच्या पानाला मात्र मी मनापासून घाबरतो. या पानावर जाहीर प्रवेश होतात. ‘शेकडो समर्थकांसह’ प्रवेश करणाऱ्याच्या छायाचित्रात माणसे मोजकीच असतात आणि त्यांपैकी दोघे मागील प्रवेशाच्या छायाचित्रातही दिसलेले असतात. पदाधिकाऱ्यांच्या नियुक्त्यांमध्ये उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, सहसचिव, संघटक, समन्वयक आणि प्रसिद्धिप्रमुख अशी नावे इतकी भरतात की सभेला सतरंजी अंथरण्यासाठी पदाविना कोणी उरत नाही. जून २०२२ आणि जुलै २०२३ मध्ये राज्यातील दोन पक्षांत फूट पडली, तो काळ तर मुद्रितशोधकाची परीक्षा पाहणारा होता. आमचे आमदार कोणत्या पक्षाचे, हे मी इथे सांगणार नाही. त्या दिवसांत काही काळ त्यांनाही ते नीट सांगता आले नसते. पहिल्या पानावरील नेत्यांची पट्टी पाडून ठेवली होती, चिन्हाची चौकट कोरी सोडली होती, आणि मुद्रक दिवसातून अनेकदा दूरध्वनी करून “रंग तरी सांगा, शाई आणायची आहे,” असे विनवत होता. निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह यांचा एक निकाल फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि दुसरा फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला; कार्यवृत्ताला एवढे थांबणे परवडणारे नव्हते. त्या अंकाच्या एकाच लेखात ‘एकनिष्ठ’ हा शब्द पाच वेळा आला होता. पुनरुक्तीचा दोष म्हणून मी तो चार ठिकाणी खोडला, तर विद्यार्थी म्हणाला, “राहू द्या सर. कोणाशी, ते कुठेच लिहिलेलं नाही.”

मला विश्रांती मिळते ती आचारसंहितेच्या काळात. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. त्याआधीच्या आठवड्यात आमच्या तालुक्यात एवढी भूमिपूजने झाली की नारळाचे भाव वाढले. जाहीर होताच सगळ्या कोनशिला झाकण्याची धांदल उडाली. वेळेवर दुसरा कागद न मिळाल्यामुळे समाजमंदिराच्या कोनशिलेवर कार्यकर्त्यांनी कार्यवृत्ताच्या उरलेल्या प्रती चिकटवल्या, त्याही पहिले पान बाहेरच्या बाजूला ठेवून. दगडावरील अक्षरांत असलेले भाऊ झाकले गेले आणि त्यांच्या जागी चार रंगांतले भाऊ हात जोडून उभे राहिले. भरारी पथकाने येऊन त्या प्रती उलट्या करून लावायला सांगितल्या, तर मागील पानावर ‘शब्दसंस्कार’ निघाले, आणि निकाल लागेपर्यंत माझे नाव समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर राहिले. आपण अपक्ष उभे आहात का, असे मला दोघांनी विचारले.

भाऊ पुन्हा निवडून आले आणि कार्यवृत्तही पुन्हा सुरू झाले. ताज्या अंकाच्या मुद्रितांत ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ असे पान आहे. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असावे लागते. पान तपासताना त्याच्या मध्यभागी मला माझेच छायाचित्र दिसले. मागील अंकाची मुद्रिते मी वाचत असताना विद्यार्थ्याने ते मोबाइलवर टिपले असावे. खाली ओळ होती: ‘भाऊंच्या प्रयत्नांतून मिळालेल्या चष्म्याने कार्यवृत्ताचा आनंद घेताना एक ज्येष्ठ लाभार्थी’. हा चष्मा मी स्वतःच्या पैशाने केला आहे आणि माझे निवृत्तिवेतन त्या उत्पन्नाच्या अटीत बसत नाही, असे मी त्याला शक्य तितक्या शांतपणे सांगितले. त्याने मुद्रित हातात घेतले, छायाचित्र थोडे लांब धरून पाहिले आणि माझी समजूत काढली. “सर, उत्पन्नाची अट योजनेला आहे. फोटोला नाही.”